उद्या बर्फ पडेल... बहुतेक!

हवामानाचे लाल-जांभळे नकाशे आता प्रत्येकाच्या फोनवर पोचलेत. पण त्यातला अंदाज कुठला आणि अफवा कुठली, हे ओळखायचं कसं? अमेरिकेत घरच्या अंगणात बर्फ मोजणाऱ्या हौशी मंडळींकडून याबाबत शिकण्यासारखं बरंच आहे.

माझी आतेबहीण बफेलोला पीएचडी करते. बफेलो न्यूयॉर्क राज्यातलंच, पण न्यूयॉर्क शहरापासून पार लांब, पश्चिमेच्या टोकाला, एरी सरोवराच्या काठावर. २०२२ च्या ऑगस्टमध्ये ती तिकडे गेली आणि एका जुन्या घराचा वरचा मजला भाड्याने घेतला. थंडी सुरू झाली तसं तिला दिसलं की मागच्या अंगणात एक पांढरी रंगवलेली लाकडी फळी पडली आहे. कुणीतरी विसरलं असेल म्हणून तिने ती उचलून भिंतीला टेकवून ठेवली. संध्याकाळी घरमालक आजोबा दारात हजर. रागावले नाहीत, पण म्हणाले, "ती माझी वेधशाळा आहे. तेवढी हलवू नकोस."

आजोबा निवृत्त पोस्टमन. हवामानशास्त्राची पदवी वगैरे काही नाही. पण जवळपास तीस हिवाळ्यांच्या वह्या त्यांच्याकडे आहेत. प्रत्येक पानावर तारीख, वाऱ्याची दिशा आणि शेजारी शेजारी दोन रकाने : आपण काल काय म्हणालो होतो आणि प्रत्यक्षात किती बर्फ पडला. अंदाज चुकला की लाल शाईने खूण. ताई सांगते, लाल शाई भरपूर आहे.

आता तुम्ही म्हणाल, मुंबईत बसून बफेलोच्या बर्फाचं आम्हाला काय? इथे तर स्वेटर कपाटातच जुना होतो. बरोबर आहे. पण मला या विषयात ओढलं ते बर्फाने नाही, माझ्याच एका फॉरवर्डने. गेल्या जुलैत मी वर्गाच्या ग्रुपवर एक नकाशा टाकला होता. अर्धी कोकण किनारपट्टी जांभळी आणि खाली ओळ, 'पुढचे ४८ तास धोक्याचे!' नकाशा कुणी बनवला, कधीचा आहे, कुठल्या मॉडेलचा आहे, मी काही बघितलं नव्हतं. कर्जतहून लोकलने येणाऱ्या माझ्या मैत्रिणीने तो बघितला आणि दुसऱ्या दिवशीची तोंडी परीक्षा बुडवली. दुसऱ्या दिवशी कडकडीत ऊन.

मी पत्रकारिता शिकते. बातमी तपासल्याशिवाय पुढे पाठवायची नाही, हे पहिल्याच आठवड्यात वहीत लिहून घेतलं होतं. तरीही पाठवली, कारण ती बातमी वाटलीच नाही. ते 'फक्त हवामान' होतं! ताईला हे सांगितलं तेव्हा ती हसली आणि म्हणाली, "एकदा आमच्या आजोबांशी बोल."

शंभर किलोमीटरची चूक

बर्फाचा अंदाज चुकणं म्हणजे काय, हे समजायला २६ जानेवारी २०१५ ची रात्र बघा. न्यूयॉर्क शहरात २० ते ३० इंच, म्हणजे अर्धा ते पाऊण मीटर बर्फ पडेल असा राष्ट्रीय हवामान सेवेचा अंदाज होता. शहराच्या इतिहासातलं सगळ्यात मोठं हिमवादळ ठरू शकेल, अशी भाषा महापौरांच्या तोंडी होती. रात्री अकराला सबवे बंद झाली. १९०४ पासून धावणारी ही भुयारी रेल्वे निव्वळ बर्फासाठी बंद होण्याची ती पहिली वेळ. रस्त्यांवर खासगी गाड्यांना बंदी आली. शाळा बंद, दुकानांतलं दूध-ब्रेड संपलेलं.

सकाळी सेंट्रल पार्कमध्ये बर्फ मोजला गेला : ९.८ इंच.

लोक भडकले, विनोदांचा पाऊस पडला. पण तिथून मुंबई-लोणावळ्याइतक्या अंतरावर, लाँग आयलंडवरच्या आयस्लिपमध्ये त्याच वादळाने जवळपास २५ इंच बर्फ टाकला होता. बॉस्टनमध्ये दोन फुटांच्या वर आणि वुस्टरमध्ये ३४.५ इंच. म्हणजे वादळ आलं, आणि दणक्यात आलं. ते फक्त शंभरेक किलोमीटर पूर्वेकडून गेलं. हजारो किलोमीटर पसरलेल्या वादळासाठी ही चूक किरकोळ. पण तेवढ्या पट्ट्यात अमेरिकेतलं सगळ्यात मोठं शहर बसलेलं!

इथे एक गंमत आहे. २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये 'सँडी' वादळ न्यू जर्सीच्या किनाऱ्याकडे वळणार, हे युरोपीय केंद्राच्या मॉडेलने साधारण आठवडाभर आधी ओळखलं होतं. अमेरिकेचं मॉडेल तेव्हा मागे पडलं. तेव्हापासून 'युरोपीय मॉडेल म्हणतंय ना, मग झालं' असा सूर लागला. २०१५ मध्ये न्यूयॉर्कवर भरमसाट बर्फ दाखवणारं मॉडेल युरोपीयच होतं. आणि नुकतीच सुधारणा झालेलं अमेरिकी मॉडेल, म्हणजे जीएफएस, वादळ जरा पूर्वेला ठेवत होतं. मागच्या मॅचचा हीरो या मॅचमध्ये शून्यावर बाद होऊ शकतो. क्रिकेट बघणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

त्या रात्री आणखी एक गोष्ट घडली. हवामान सेवेच्या न्यू जर्सीतल्या माउंट हॉली कार्यालयाचे प्रमुख गॅरी शॅटकोव्स्की यांनी ट्विटरवर जाहीर माफी मागितली. तुम्ही आमच्यावर विसंबून अवघड निर्णय घेतलेत आणि आम्ही चुकलो, असा त्याचा आशय होता. सरकारी कार्यालयाचा प्रमुख इतक्या थेट शब्दांत चूक कबूल करतो, हे तेव्हा अनेकांना नवलाचं वाटलं. ताईच्या आजोबांना नाही वाटलं. "आम्ही वहीत रोज हेच लिहितो," ते म्हणाले.

दहाने गुणा आणि फसा

मग हौशी माणूस अंदाज काढतो तरी कसा? व्हिडिओ कॉलवर आजोबांनी मला जे सांगितलं आणि नंतर मी जे वाचलं, ते थोडक्यात असं.

पूर्व किनाऱ्यावरच्या मोठ्या हिमवादळाला तिकडे 'नॉरईस्टर' म्हणतात. कमी दाबाचं क्षेत्र किनाऱ्यालगत दक्षिणेकडून ईशान्येकडे सरकतं. त्याच्याभोवती वारे घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात, त्यामुळे किनाऱ्यावर ते ईशान्येकडून येऊन आदळतात. समुद्रावरून ओलसर हवा येते, कॅनडाकडून कोरडी गार हवा उतरते. दोघींची गाठ कुठे पडते, यावर सगळा खेळ.

हौशी मंडळींचा नकाशावर एक लाडका बिंदू आहे : ४० अंश उत्तर, ७० अंश पश्चिम. भर समुद्रात. वादळाचं केंद्र या बिंदूच्या आसपासून गेलं तर मोठ्या शहरांना चांगला बर्फ मिळतो. किनाऱ्याला चिकटून गेलं तर समुद्राची उबदार हवा आत घुसते आणि बर्फाऐवजी पाऊस पडतो. लांबून गेलं तर बर्फ माशांसाठी!

दुसरी गोष्ट वरच्या हवेची. जमिनीवर तापमान शून्याखाली असलं म्हणजे बर्फ पडेलच असं नाही. साधारण दीड किलोमीटर उंचीवर उबदार हवेचा एखादा थर घुसला की वरून येणारा बर्फ तिथे वितळतो आणि खाली येताना पुन्हा गोठून खडे बनतो. दहा इंचांचा अंदाज तिथेच तीन इंचांवर येतो. म्हणून खिडकीतून बाहेर बघून भागत नाही, वरच्या थरांचे आकडे बघावे लागतात.

तिसरी गोष्ट साध्या गुणाकाराची, आणि सगळ्यात जास्त फसवणारी. एक इंच पाणी म्हणजे दहा इंच बर्फ, असं ढोबळ गणित आहे. पण बर्फ ओला असेल तर पाचच इंच होतात, कोरडा भुसभुशीत असेल तर वीसही होतात. फुकट मिळणारे अनेक नकाशे डोळे झाकून दहाने गुणतात. काही तर खड्यांनाही बर्फात धरतात. समाजमाध्यमांवर 'तीस इंच!!!' म्हणून फिरणारा नकाशा बऱ्याचदा असाच जन्माला येतो. तो खोटा नसतो, मॉडेलने खरंच तो काढलेला असतो. पण तो अंदाज नाही, कच्चा माल आहे. पिठाचा गोळा दाखवून 'पोळी तयार' म्हणण्यासारखं.

चौथी गोष्ट मला सगळ्यात आवडली. मोठी केंद्रं मॉडेल एकदाच चालवत नाहीत. सुरुवातीचे आकडे थोडे थोडे बदलून तेच गणित पुन्हा पुन्हा सोडवतात. युरोपीय केंद्र दर खेपेला अशी पन्नासच्या वर उत्तरं काढतं. कारण या घडीला हवेत नेमकं काय चाललंय, हे कुणालाच शंभर टक्के माहीत नसतं. पन्नासपैकी पंचेचाळीस उत्तरं बर्फ म्हणाली तर विश्वास ठेवा. पंचवीस म्हणाली तर 'बहुतेक'सुद्धा जपून म्हणा. आणि पन्नासपैकी एकच उत्तर चाळीस इंच म्हणत असेल, तर नेमका त्याचाच स्क्रीनशॉट व्हायरल होणार, हे आधीच धरून चाला.

मोहात सगळेच पडतात. जीएफएसचं नवं उत्तर दिवसातून चार वेळा येतं. ताईकडे रात्रीचे साडेदहा वाजतात, आपल्याकडे सकाळचे नऊ, तेव्हा तिकडचे बर्फवेडे झोप सोडून स्क्रीनकडे डोळे लावून बसतात. ज्यांना बर्फ हवाच असतो, ते बर्फ दाखवणारं मॉडेल शोधतात आणि बाकीची सोडून देतात. याला तिकडे 'विशकास्टिंग' म्हणतात. म्हणजे मनातलं हवामान. परीक्षेआधी 'हा चॅप्टर येणार नाही' असं आपण ठरवून टाकतो ना, अगदी तसंच!

एका उपनगरात पाच फूट, दुसऱ्यात चार बोटं

बफेलोचा बर्फ वेगळा. तिथे मोठ्या वादळाची गरजच नसते, सरोवर पुरतं. हिवाळ्याच्या तोंडाला एरी सरोवराचं पाणी अजून कोमट असतं आणि वरून गोठवणारे वारे वाहतात. पाणी आणि दीड किलोमीटरवरची हवा यांच्या तापमानात तेरा अंशांच्या आसपास फरक पडला की वाफ वर जाते, ढग होतात आणि वाऱ्याच्या दिशेने एका अरुंद पट्ट्यात बर्फ कोसळू लागतो. वारा सरोवराच्या लांबीच्या दिशेने आला तर पट्टा सगळ्यात जोरदार. पुढे जानेवारी-फेब्रुवारीत सरोवर गोठलं की हा कारखाना मंदावतो.

पट्टा किती अरुंद? नोव्हेंबर २०१४ मध्ये बफेलोच्या दक्षिणेकडच्या उपनगरांत पाच फुटांहून जास्त बर्फ साचला, तर काही किलोमीटर उत्तरेला जेमतेम काही इंच. नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑर्चर्ड पार्क भागात सुमारे ८० इंच पडला. ताईचा तो पहिलाच हिवाळा. ती शहराच्या उत्तर भागात राहते. दक्षिणेकडच्या मित्राने पाठवलेल्या फोटोत गाडीचा फक्त आरसा दिसत होता आणि हिच्या दारात मात्र बूट बुडेल इतकाच बर्फ.

स्थानिक हौशी माणसाचं खरं काम इथे असतं. जगाचं मॉडेल जग बघतं, आजोबा गल्ली बघतात. वारा पश्चिम-नैर्ऋत्येकडून जरासा दक्षिणेला वळला की पट्टा उत्तरेला सरकून आपल्या घरावर येतो, हे त्यांना तीस वर्षांच्या वह्यांनी शिकवलंय.

गेल्या हिवाळ्यात मी आणि ताईने एक खेळ खेळून बघितला. मी मुंबईतून तिच्या अंगणाचा अंदाज द्यायचा. नियम तीन : अंदाज आदल्या रात्रीच लिहायचा, एक आकडा न देता 'इतके ते इतके' असं सांगून शक्यताही लिहायची, आणि नंतर त्यात बदल करायचा नाही. दहा अंदाज दिले. तीन बरोबर, चार जवळपास, तीन साफ गंडले. एकदा मी छातीठोकपणे 'आठ ते बारा इंच, ऐंशी टक्के' लिहिलं. सकाळी ताईचा फोटो आला, अंगणात हिरवं गवत! पट्टा दक्षिणेकडेच अडकून बसला होता. इतकी लाज वाटली की मेसेज डिलीट करायला बोट पुढे गेलं होतं. मग आजोबांची लाल शाई आठवली.

मोजणं हेही कामच

आजोबांची पांढरी फळी ही त्यांची लहर नाही. तिकडची ठरलेली पद्धत आहे. साधारण १६ बाय २४ इंचांची फळी, मोकळ्या जागी, भिंतीपासून लांब. बर्फ इंचाच्या दहाव्या भागापर्यंत मोजायचा. आणि फळी सहा तासांतून एकदाच साफ करायची, त्याहून जास्त वेळा नाही. का? ताजा बर्फ स्वतःच्या वजनाने दबतो. दर तासाला मोजून पुसत बसलं की बेरीज फुगते.

हे किरकोळ वाटतं ना? मग २०१६ चं बघा. जानेवारीतल्या वादळात सेंट्रल पार्कचा आकडा आधी २६.८ इंच जाहीर झाला. २००६ चा विक्रम २६.९ होता, म्हणजे फक्त ०.१ इंचाने हुकला. नंतर मोजमापांची चौकशी झाली आणि आकडा २७.५ वर गेला. १८६९ पासूनच्या नोंदींत सगळ्यात मोठं हिमवादळ! पेराएवढ्या बर्फाने इतिहास बदलला.

सामान्य लोकांनी मोजण्याची ही परंपरा जुनी आहे. जॉर्ज वॉशिंग्टन आणि थॉमस जेफरसन या दोघांनीही जानेवारी १७७२ च्या हिमवादळाची नोंद आपापल्या डायरीत केली होती, आणि तेव्हा दोघांपैकी कुणीच राष्ट्राध्यक्ष नव्हतं. अमेरिकी हवामान सेवेचं स्वयंसेवक निरीक्षकांचं जाळं १८९० पासूनचं. १९९७ मध्ये कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्सला अचानक पूर आला. शहराच्या एका भागात धो धो पाऊस पडला, तर दुसऱ्या भागात अगदी कमी. त्यातून पुढच्याच वर्षी 'कोकोराझ' हे स्वयंसेवकांचं जाळं उभं राहिलं. आज हजारो लोक रोज सकाळी आपल्या अंगणातला पाऊस, गारा आणि बर्फ मोजून त्यावर कळवतात. हवामान सेवा हे आकडे वापरते. म्हणजे हौशी माणूस अंदाज सांगून जितका उपयोगी पडतो, त्याहून जास्त नोंद ठेवून पडतो. फक्त नोंद ठेवण्याला लाइक्स मिळत नाहीत.

अंदाज बरोबर आला, तरी...

इथवर वाचून वाटेल की अंदाज बरोबर आला की काम झालं. डिसेंबर २०२२ तसं म्हणू देत नाही.

नाताळच्या आधीचा आठवडा. बफेलोवर पिढीतून एकदा येणारं वादळ येतंय, असं हवामान सेवा दोन-तीन दिवस आधीपासून सांगत होती. बुधवारी आजोबा ताईच्या दारात आले आणि म्हणाले, "शुक्रवार ते रविवार दार उघडायचं नाही. आजच सामान भर. औषधं, पाणी, बॅटरी." ताई म्हणते, त्या दिवशी त्यांनी इंचांचा आकडा सांगितलाच नाही. फक्त काय करायचं ते सांगितलं.

शुक्रवारी, २३ तारखेला वादळ आलं आणि तंतोतंत अंदाजाप्रमाणे आलं. ताशी शंभर किलोमीटरच्या वर वारे, दिवसभराहून जास्त काळ हातभर अंतरावरचं दिसेना. विमानतळावर पाच दिवसांत सुमारे ५२ इंच बर्फ. रुग्णवाहिका आणि अग्निशमन दलाच्या गाड्याही अडकल्या. बफेलो आणि परिसरात चाळीसहून जास्त माणसं गेली. कुणी गाडीत अडकून, कुणी वीज गेलेल्या गारठलेल्या घरात, कुणी बर्फ उपसताना. वाहनबंदी शुक्रवारी सकाळी लागू झाली, अनेक जण कामावर निघाल्यानंतर. यावर पुढे बरीच टीका झाली.

दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून बघा. २०१५ मध्ये न्यूयॉर्कचा अंदाज चुकला, पण शहर वेळेत बंद झालं. किंमत मोजली ती एका दिवसाच्या धंद्याने आणि थट्टेने. २०२२ मध्ये बफेलोचा अंदाज बरोबर होता, पण पावलं उशिरा पडली. किंमत मोजली माणसांनी. आपण पहिल्या चुकीची वर्षानुवर्षं टिंगल करतो. मग पुढच्या वेळी निर्णय घेणारा अधिकारी बंदी लावताना कचरतो. 'लांडगा आला रे' ही गोष्ट आपण नेहमी त्या पोराला दोष देऊन सांगतो. पण शेवटी लांडगा खरंच आला होता आणि मेंढ्या गेल्या गावाच्याच.

आत्ताच हे का?

कारण २०२५ मध्ये या क्षेत्रात दोन गोष्टी एकदम झाल्या आणि दोन्ही उलट्या दिशेच्या आहेत.

एकीकडे दारं उघडली. युरोपीय केंद्राचं कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारं मॉडेल फेब्रुवारी २०२५ मध्ये रोजच्या वापरात आलं. १ ऑक्टोबर २०२५ पासून या केंद्राने ताज्या अंदाजांचा आपला संपूर्ण साठा सगळ्यांसाठी खुला केला. ज्या माहितीसाठी पूर्वी भरपूर पैसे मोजावे लागत, ती आता हॉस्टेलच्या वायफायवर मिळू शकते. आपल्याकडेही मे २०२५ मध्ये 'भारत फोरकास्ट सिस्टीम' सुरू झाली. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने ती घडवली आहे. आधीचं मॉडेल १२ किलोमीटरच्या चौकोनांत विचार करायचं, हे ६ किलोमीटरच्या चौकोनांत करतं.

दुसरीकडे मोजणारे हात कमी झाले. अमेरिकी हवामान सेवेतून २०२५ मध्ये शेकडो कर्मचारी कपातीत किंवा मुदतपूर्व निवृत्तीने बाहेर पडले. नंतर काही प्रमाणात पुन्हा भरतीला परवानगी मिळाली. पण मधल्या काळात मनुष्यबळ नाही म्हणून ओमाहा आणि रॅपिड सिटी इथून हवामान फुगे सोडणं थांबवलं गेलं, आणखी काही ठिकाणी दिवसातून दोनऐवजी एकच फुगा जाऊ लागला. हे फुगे जगभर एकाच वेळी सोडतात. आपल्या घड्याळात पहाटे साडेपाच आणि संध्याकाळी साडेपाच. वरच्या हवेचं तापमान, दाब, आर्द्रता आणि वारा ते थेट मोजतात. वर सांगितलेला दीड किलोमीटरवरचा तो उबदार थर आठवतोय? तो पकडणारं साधन हेच. आणि अमेरिकेत वादळं बहुतेक पश्चिमेकडून पूर्वेकडे जातात. म्हणजे मध्य भागातला फुगा आज उडाला नाही, तर परवाच्या न्यूयॉर्कच्या अंदाजातला एक धागा सैल पडतो.

अंदाज सांगणारे वाढले आणि मोजणारे घटले, तर काय होईल? नकाशे अधिक देखणे होतील, आवाज चढतील, पण पायाखालची जमीन भुसभुशीत होईल. कृत्रिम बुद्धिमत्तासुद्धा शेवटी कुणीतरी मोजलेल्या जुन्या आकड्यांवरच शिकते. मला यातली सगळ्यात मोठी काळजी ही वाटते.

आणि आपल्याकडे?

बर्फ आपल्यापासून वाटतो तितका लांब नाही. डिसेंबरच्या सुट्टीत मनालीला किंवा हिवाळी ट्रेकला जाणारे तुमच्या वर्गातही दोघं-तिघं असतीलच. डिसेंबर २०२४ मध्ये सोलंग ते अटल बोगद्याच्या रस्त्यावर बर्फात शेकडो गाड्या अडकल्या होत्या. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातल्या मरी इथे बर्फ बघायला गेलेले वीसहून जास्त पर्यटक अडकलेल्या गाड्यांमध्ये दगावले. हिमालयात हिवाळी बर्फ आणणारे पश्चिमी झंझावात दूर भूमध्य समुद्राकडून येतात, म्हणून काही दिवस आधी त्यांची चाहूल लागते. पण कुठल्या खोऱ्यात किती पडेल, हे तिथेही गल्ली बघणाऱ्यालाच जास्त कळतं. रील बघून निघू नका, हवामान खात्याचा इशारा बघा आणि तिथल्या गाडीवाल्या काकांनाही विचारा.

पावसाचं तर काय सांगायचं? रेड अलर्ट लागतो, कॉलेजला सुट्टी मिळते आणि ऊन पडतं. आपण मीम बनवतो. पण अलर्ट म्हणजे वचन नव्हे, ती शक्यता असते. ग्रुपवर फिरणारा नकाशा पुढे ढकलण्याआधी एवढंच विचारा : हा नकाशा कुठल्या तारखेचा, किती वाजताचा? एकाच मॉडेलचा की अनेकांचा? आकडा एकच आहे की 'इतके ते इतके'? सांगणाऱ्याने मागच्या वेळी चूक कबूल केली होती का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'तो कधी चुकतच नाही' असं आलं, तर तिथेच थांबा. जो कधीच चुकत नाही, तो हिशेब ठेवत नसणार.

आणि जमलं तर स्वतः एक वही घाला. बर्फ नको, पाऊस चालेल. गच्चीवर सरळ कडांचं एक भांडं ठेवा, रोज ठरलेल्या वेळी पट्टीने मोजा, आदल्या रात्री स्वतःचा अंदाज लिहा. महिनाभरात दोन गोष्टी होतील. आकाशाकडे बघायची सवय लागेल, आणि हवामान खात्याला शिव्या देण्याआधी तुम्ही जरा थांबाल.

माझी वही सुरू झाली आहे. पहिल्या पानावर बर्फही नाही आणि पाऊसही नाही, तिथे जुलैतल्या त्या फॉरवर्डची तारीख आहे. मैत्रिणीची तोंडी परीक्षा नंतर झाली, पण उशिराचे म्हणून पाच मार्क कापूनच. ती म्हणते, सोड ना आता. मी तारखेपुढे लाल शाईने लिहून ठेवलंय : अंदाज, अतिवृष्टी. प्रत्यक्षात, ऊन. चूक माझी.